न विचारलेला मशालजी

दंतवैद्याच्या दवाखान्यामागे जिन्याखाली एक अरुंद खोली होती, आणि त्या खोलीत कवळीवाला दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवीत बसत असे. हे काम मौनाचे आहे. समोर पितळी बिजागरीवर प्लास्टरचा जबडा आ वासून असतो. त्यावर गुलाबी मेणाची हिरडी थापायची, एकेक दात तिच्यात रोवायचा, जबडा मिटून पाहायचा, पुन्हा उघडायचा. उघडलेल्या तोंडातून शब्द तेवढा येत नाही. दवाखान्याचा शिपाई साचे आणून ठेवी आणि जाई. ज्यांच्यासाठी कवळ्या बनत, त्यांचे चेहरे कवळीवाल्याने क्वचितच पाहिले होते.

परंतु तो एकटा होता असे कोणी समजू नये. हात मेणात असत, आणि चित्त असे एका भुयारी महालात, जिथे तो मशालजी होता.

हा महाल त्याच्या थोरल्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या दादाने, निर्माण केला होता. दादा नगररचना कार्यालयात नकाशे काढीत. आठवडाभर ते गटारांचे आणि रस्त्यांचे नकाशे काढीत आणि रविवारी दुपारी आपल्या जेवणाच्या टेबलावर मेणकापड अंथरून सूत्रधार होत. खेळ असा की, प्रत्येक खेळाडूने एक माणूस व्हायचे. त्या माणसाचे बळ, चपळाई, अक्कल वगैरे गुण एका कागदावर आकड्यांनी मांडायचे. सूत्रधाराने सांगायचे की समोर काय आहे, आणि मग एकेकाकडे वळून विचारायचे, "तुम्ही काय करता?" खेळाडूने सांगायचे. गोष्ट सोपी असली तर घडते. अवघड असली तर वीस बाजूंचा फासा टाकून ठरते. सोंगट्या नाहीत, हारजीत नाही, सगळा व्यवहार तोंडाचा.

बालकांच्या वॉर्डात काम करणारी एक परिचारिका, जिला सगळे सिस्टर म्हणत, या खेळात दरोडेखोर होती. आठवडाभर हळू बोलून घशात साठलेला सगळा आवाज ती रविवारी मोकळा करी. लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण मांत्रिक होता, आणि त्याचे मंत्र बहुतेक वेळा मध्येच अडकत. कवळीवाल्याने मात्र तलवार मागितली नाही की मंत्र मागितला नाही. त्याने मशाल मागितली, कारण महालाचे वर्णन ऐकताच त्याला पहिली इच्छा झाली ती सगळे नीट पाहण्याची.

आता हे सुख कोणाला सांगावे, हा त्याचा प्रश्न होता. शिपायाला सांगून पाहिले, तर तो म्हणाला, "म्हणजे नाटक करता का?" नाटक नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग जुगार?" जुगारही नाही म्हटल्यावर त्याने एवढ्या मोठ्या माणसाकडे अशा नजरेने पाहिले, की कवळीवाल्याने साचा उचलून पाठ फिरवली. फोनवर शोधावे, तर या खेळाविषयी डोंगराएवढे लिहिलेले सापडे, पण ते परक्या भाषेत. आपल्या बोलीत, आपल्यासारख्या माणसाने, आपल्या टेबलावर काय घडले ते लिहिलेले कुठेही नव्हते. नव्हते, म्हणून त्याने ते लिहायचे ठरवले.

एका दुपारी मेणाचे ताट बाजूला सारून त्याने फोनवर ब्लॉग उघडला आणि त्याला नाव दिले ‘मशालीच्या उजेडात’. शाळा त्याची आठवीतच सुटली होती. त्यामुळे लिहिताना तो ताठ बसे, जणू पाहुण्यांसमोर बसला आहे, आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत पाठ टेकत नसे. पहिला लेख त्याने त्या आठवड्याच्या पराक्रमावर लिहिला. महालाच्या दुसऱ्या तळघरात एक दगडी दार होते. दरोडेखोराने त्याला धडका दिल्या, मांत्रिकाने तीन मंत्र वाया घालवले, आणि अखेर मशालजीच्या मनात आले की, मशाल विझवून पाहू. ती विझवताच दार आपोआप सरकले. कारण ते दार केवळ अंधारातच उघडत असे. ‘तदनंतर,’ त्याने लिहिले, ‘आजवर ज्याने केवळ उजेड दिला, त्या मशालजीने अंधार देऊन सर्वांस मार्ग दाखविला.’ हे वाक्य त्याने स्वतःशीच चारदा वाचले. खोटे कशाला बोला, ते त्याला आवडले होते.

लिफ्टवाल्यालाही ते इतके आवडले की, ज्या ज्या इमारतीत त्याचे काम होते त्या त्या इमारतीच्या ग्रुपवर त्याने ते धाडून दिले.

येथेच घोटाळा झाला. दादा हाच भुयारी महाल बुधवारी सायंकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत तरुण मंडळींना खेळवीत. नकाशा तोच, राक्षस तेच, दारही तेच. त्या बुधवारी ती मंडळी दाराशी आली. दादा नकाशा झाकणाऱ्या पुठ्ठ्याच्या पडद्याआड आनंदाने हात चोळीत बसले, कारण या दाराशी टोळी निदान दोन बैठका तरी डोके आपटणार होती. तोच त्या मंडळींनी एक शब्द न बोलता आपापले दिवे मालवले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दादा जिन्याखालच्या खोलीत आले. दार ठेंगणे असल्याने त्यांना वाकावे लागले, आणि रागावलेल्या माणसाला वाकावे लागले की राग आणखी वाढतो.

"भाऊजी, ते बंद करा," ते म्हणाले.

बहिणीचा नवरा म्हणून दादा त्याला नेहमी अहो-जाहो करीत. रागातही ते सुटले नाही.

"दाराचं आत्ता काढतो," कवळीवाला म्हणाला. "माझी चूक झाली, दादा. तुमची दुसरीही टोळी आहे हे डोक्यातच आलं नाही."

"दाराचं नको, सगळंच काढा. टेबलावरचं टेबलावर राहतं."

"असं कधी ठरलं होतं?"

"ठरवायची गरज नव्हती. लिहिणारं कोणी नव्हतं आपल्यात."

"आता आहे."

दादांनी टेबलावरचा एक जबडा उचलला, मिटला, परत ठेवला. "भाऊजी, तुमच्या भल्याचं सांगतो. ‘तदनंतर’ काय, ‘सर्वांस’ काय. लोक हसतायत."

"हसू देत. हसणाऱ्यांतले निम्मे माझ्याच दातांनी हसतात."

"मी थट्टा करत नाहीये. महाल माझा आहे. त्याची एकेक पायरी मी काढली."

"महाल तुमचा, मान्य. पण मशालजी माझा आहे. त्याने काय केलं ते मीच लिहिणार."

"मग एकतर लिहा, नाहीतर खेळा. दोन्ही जमणार नाही," असे म्हणून दादा निघाले, आणि निघताना वाकायचे विसरल्याने चौकटीवर कपाळ आपटून घेतले. कवळीवाला उठून पाणी द्यायला गेला. त्यांनी ते घेतले नाही.

म्हणजे प्रश्न स्पष्ट झाला. आठवड्यातून एकदा ज्या खुर्चीवर बसून त्याला तोंड उघडायला मिळे, ती खुर्ची ठेवायची की लिहिणे ठेवायचे. त्याने त्याच दुपारी दाराचा मजकूर काढला आणि त्या जागी लिहिले की, लेखकाच्या अविचाराने दुसऱ्या टोळीचा रसभंग झाला, त्याबद्दल लेखक क्षमा मागतो. बाकी एक अक्षर हलवले नाही.

रविवारी तो शर्टाची बटणे लावत असताना बायको दाराशी उभी राहिली. तिचा एक कान माहेरी आणि एक सासरी, अशी तिची त्या आठवड्यात दशा झाली होती.

"दादा म्हणतो तसं काढून टाकणार का?"

"नाही."

"आणि तरी जाणार?"

"जाणार. हात धरून बाहेर काढतील तर काढू देत."

"तो नाही काढायचा. बहिणीच्या नवऱ्याला दार दाखवलं तर वहिनी त्यालाच दाराबाहेर उभा करेल," ती म्हणाली. "दाढीमिशा आलेली माणसं तुम्ही, आणि भांडता कशावरून, तर मशालीवरून. कॉलर नीट करा."

बायकोचा अंदाज खरा ठरला. दादांनी त्याला जा म्हटले नाही, पण या म्हणण्याचेही टाळले. सगळे मेणकापडाभोवती बसले. दादांनी जुन्या नकाशांच्या पुठ्ठ्याचा पडदा आपल्यापुढे उभा केला आणि महालाचे तिसरे तळघर वर्णन करायला सुरुवात केली: ओलसर भिंती, फुटलेले रस्ते, दूरवर कसलासा घरघराट. मग ते सिस्टरकडे वळले. "तुम्ही काय करता?" सिस्टरने सांगितले. ते लिफ्टवाल्याकडे वळले. "तुम्ही?" त्याने सांगितले. आणि मग, मध्ये खुर्ची रिकामीच आहे असे समजून, ते पुन्हा सिस्टरकडे वळले.

पहिल्यांदा वाटले की विसरले असतील. दुसऱ्यांदा लिफ्टवाला खाकरला. तिसऱ्यांदा कोणालाच शंका राहिली नाही. वहिनींनी चहा आणला, तो कवळीवाल्याला सर्वांत आधी दिला आणि कपाखाली बशी जरा जोराने ठेवली. चहा त्याच्यापर्यंत आला. प्रश्न आला नाही. तो संपूर्ण बैठकभर ताठ बसून राहिला, फासा मुठीत घेऊन, आणि कोणाशी एक शब्द बोलला नाही. शेवटी सर्वांना नमस्कार करून, "येतो वहिनी," म्हणून बाहेर पडला.

जिन्यावर लिफ्टवाला म्हणाला, "कवळी, मिटवून टाक ना यार. दोन ओळींचा तर प्रश्न आहे."

"दोन ओळींचाच असता तर मिटवला असता," कवळीवाला म्हणाला. "त्यांना मी लिहायलाच नकोय."

आणि मग त्याने जे केले, ते करणे फक्त याच खेळातल्या माणसाला सुचले असते. मशालजी मेला नव्हता. टोळीतून गेला नव्हता. सूत्रधाराने त्याला विचारले नव्हते, एवढेच. म्हणजे तो त्या तळघरात होता, चालत होता आणि काहीतरी करीतही होता; काय करीत होता ते सांगायला मात्र कोणी मज्जाव केला नव्हता. त्याने ब्लॉगवर लिहिले:

‘ज्यास कोणी काही विचारले नाही, तो मशालजी त्या दिवशी सर्वांच्या मागून चालला. प्रत्येक वळणावर त्याने विझत्या चुडीच्या कोळशाने भिंतीवर बाण काढला, जेणेकरून परतीची वाट चुकू नये. त्याचे हात काळे झाले. पाहणारे कोणी नव्हते. तथापि काम केले ते केलेच.’

पुढच्या रविवारी तोच प्रकार. सिस्टरला विचारले, लिफ्टवाल्याला विचारले, मधली खुर्ची ओलांडली. मात्र त्या दिवशी तिसऱ्या तळघरात घरघराटाचा उगम सापडला, तो एवढा मोठा निघाला की टोळीने पळ काढला. दादा पडद्याआडून समाधानाने म्हणाले, "पळता पळता तुम्ही एका चौकात येता. चारही वाटा सारख्या. आलात कुठून, आठवत नाही. सिस्टर, काय करता?"

"भिंतीवरचे बाण बघते," सिस्टर म्हणाली.

"कुठले बाण?"

"कोळशाचे. मशालजीने काढलेत ते."

दादांनी पडद्यावरून डोके वर काढले. "इथे बाण नाहीत."

"कसे नाहीत? मी वाचलं."

"वाचलं असेल. माझ्या नकाशात नाहीत."

"मशालजी आमच्याबरोबर आहे की नाही, तेवढं सांगा."

दादांनी नकाशाकडे पाहिले. हा माणूस हट्टी असेल, पण खेळात लबाडी करणारा नव्हता. "आहे," ते म्हणाले.

"मग गेल्या रविवारी तो काय करत होता?"

"मी विचारलं नाही."

"तुम्ही नाही विचारलंत, त्याने सांगितलं," सिस्टर म्हणाली, आणि वॉर्डात औषध न घेणाऱ्या पोरांना जो आवाज लावते तोच तिने लावला. "माणूस आठवडाभर हात काळे करतो आणि तुम्ही म्हणता बाण नाहीत."

लिफ्टवाला मान खाली घालून हसत होता. दादांनी पेन्सिल खाली ठेवली, उचलली, आणि नकाशावर चार बारीक बाण काढले. त्यांचा हात सवयीने सुबक चालला. "बरं. बाण आहेत. उजवीकडे वळा."

टोळी उजवीकडे वळली. पण नकाशात बाण काढावे लागलेला नकाशेवाला स्वस्थ बसणारा नव्हता. "बाहेर पडताना," ते म्हणाले, "मागचं छत ढासळतं. सगळ्यात मागे आहे मशालजी."

"फासा न टाकता?" लिफ्टवाल्याने विचारले.

"टाकतो." ते पडद्याआड हात नेऊ लागले.

"पुढे टाका. सगळ्यांसमोर. माणूस मरतोय."

दादांनी फासा पुढे टाकला. मेणकापडावर तो गडगडला, चहाच्या बशीला लागला आणि थांबला. वीस. सूत्रधाराच्या हातून वीस पडले की घाव पुरता बसतो; यावर बोलायला जागाच नव्हती. खुद्द सिस्टरने डोळे मिटून घेतले.

ज्याचा माणूस मेला त्याने आपल्या हाताने त्याचा कागद फाडायचा, अशी त्या टेबलाची रीत होती. कवळीवाल्याने मशालजीचा कागद एकदा उभा आणि एकदा आडवा फाडला, चार तुकडे एकावर एक ठेवले आणि दादांपुढे सरकवले. दादांनी ते घेतले, पण त्यांची नजर काही जिंकलेल्या माणसाची नव्हती. "चांगला होता," ते हळूच म्हणाले. त्यांना वाटले की प्रश्न आपोआप सुटला.

त्या आठवड्यात ब्लॉगवर मशालजीचा मृत्यू आला. छत, धूळ, विझलेली चूड, कोळशाचे हात, सगळे आले, आणि फासा वीसच पडला, यात सूत्रधाराचा काही दोष नाही, हेही आले. बायकोने तो भाजी निवडताना वाचला. "बरं लिहिलंय," ती म्हणाली. "पण आता तुम्ही रविवारी करणार काय? माणूस तर मेला."

"टेबलाचा दुसराही एक नियम आहे," कवळीवाला म्हणाला. "तुझ्याच दादाचा."

तो नियम असा. फार पूर्वी लिफ्टवाल्याचा पहिला मांत्रिक मेला होता, तेव्हा तो रुसून घरी बसला. तेव्हापासून दादांनी ठरवून टाकले की, ज्याचा माणूस गेला त्याने पुढच्या बैठकीला नवा माणूस घेऊन यायचे. आणि सूत्रधाराने खेळ सुरू करण्याआधी, स्वतःच्या तोंडाने, कोण आले म्हणून विचारायचे. त्याला विचारल्याखेरीज फासा हलवायचा नाही. मेल्यामुळे कोणी टेबलावरून उठू नये, हा त्यामागचा हेतू. रागाच्या भरात माणसाला दुसऱ्याचे नियम आठवतात, स्वतःचे आठवत नाहीत.

रविवारी कवळीवाला आपल्या जागी बसला. लिफ्टवाल्याने एक कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला. सिस्टर हाताची घडी घालून दादांकडे पाहू लागली. दादांनी पडदा उभा केला, मेणकापडावरची सुरकुती काढली, पेन्सिलीला टोक केले. टोक आधीच होते. तरी कोणी हलेना. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी कपबशा पुसत होत्या, त्यांचाही हात थांबला.

शेवटी दादा कागदाकडे पाहत म्हणाले, "कोण आलंय?"

तीन रविवारांत त्यांनी भाऊजींना विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"लिहिणारा," कवळीवाला म्हणाला.

"म्हणजे?"

"टोळीबरोबर तळघरात जातो. जे घडतं ते लिहून वर गावात पाठवतो. वर लोक वाट बघतायत."

दादांनी पेन्सिल कागदाला लावली नाही. "तलवार येते?"

"नाही."

"मंत्र?"

"नाही."

"मग येतं तरी काय त्याला?"

"पाहिलेलं विसरत नाही. आणि बस म्हटलं की थांबत नाही."

"भाऊजी," दादा म्हणाले, आणि आता त्यांनी सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिले, "असला माणूस मी पहिल्याच वळणावर मारीन."

"मारा. फासा पुढे टाकून मारा, कागद मी स्वतः फाडीन. पण मग पुढच्या रविवारी तुम्हाला पुन्हा विचारावं लागेल, कोण आलंय म्हणून. आणि पुन्हा लिहिणाराच येईल. त्यालाही माराल, तर त्याच्या पुढच्या रविवारी त्याचा भाऊ येईल, तोही लिहिणाराच. गावात त्यांचं मोठं घराणं आहे, दादा. तुमची छतं संपतील."

लिफ्टवाल्याला ठसका लागला. सिस्टरने त्याच्या पाठीत एक ठेवून दिली.

"दाराबद्दल अक्षर लिहायचं नाही," दादा पेन्सिल बोटांत फिरवीत म्हणाले. "कुठल्याच दाराबद्दल. बुधवारची पोरं पुढे जाईपर्यंत."

"नाही लिहिणार. त्यात माझी चूकच होती, तेव्हाही म्हणालो होतो."

"आणि ‘तदनंतर’?"

"ते राहील."

दादांनी एक लांब श्वास सोडला आणि कागद आपल्याकडे ओढला. त्यावर त्यांनी नकाशावर लिहितात तशा सरळ, सुबक अक्षरांत सगळ्यात वर ‘लिहिणारा’ असे लिहिले, खाली गुणांच्या रेघा ओढल्या, बळाच्या रेघेवर मुद्दाम एक हलका आकडा टाकला, आणि मान वर न करता विचारले, "हत्यार काय लिहू?"

"काही नको," कवळीवाला म्हणाला. "दोन्ही हात मोकळे लागतात."